उपमंत्र्याचा पाहुणचार

उपमंत्री स्वतः उठून दारापर्यंत सामोरा आला, तेव्हाच तूबा खानम उंबऱ्यावर थबकली.

हाच बहमन एकेकाळी तिच्या मुलासोबत सुधारणावादी दैनिकात बातम्या लिहायचा. दैनिकावर बंदी आली, तेव्हा हिवाळाभर तिच्याच घरी राहिला. तिला मावशी मानून "खाला, भुकेनं जीव चाललाय!" म्हणत थेट पातेल्यात नान बुडवायचा.

आज त्याने स्वतःच्या हाताने चहा ओतला. "खानमसाहेब, आपण पायधूळ झाडलीत, आमचं भाग्य!"

"माझ्या पोराला सोडव रे. तुमच्या सरकारनं शब्द पाळला नाही, एवढंच तर लिहिलं त्यानं."

"खडीसाखर घ्या ना, खानमसाहेब."

तूबाचा सारा जन्म तेहरानात गेला होता. काम करायचं नसलं की माणसं अशीच अदबीनं वागतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती उठली.

त्याने पिस्त्याच्या मिठाईचा डबा पुढे केला. "मुलाला द्या."

"तुरुंगात खाऊ घेत नाहीत. तू आत होतास, तेव्हा तुझाही डबा फाटकावरून परत आणला होता मी."

बहमनने आधी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग कमरेत वाकून म्हणाला, "पुन्हा अवश्य या, खानमसाहेब."