पंचांचा हात

नाव पुकारेपर्यंत मी खुर्चीला टेकलेच नाही. तळव्यांना खडूची पूड चोळत नुसत्या येरझाऱ्या घातल्या. पासष्टीत वजन उचलायच्या स्पर्धेत उतरले होते.

मागच्या स्पर्धेत वजनांचा बार उचलून मी ताठ उभी राहिले, तोच प्रेक्षकांतून मुलगा ओरडला, “आई, ठेव खाली! कंबर जाईल!” सवयीनं मी त्याचं ऐकलं. पंचांनी हात खाली करून खूण करायच्या आधीच बार ठेवला, म्हणून प्रयत्न बाद.

आज पुन्हा ताठ उभी राहिले. बोटं सुटायला लागली. “आई, बास! ठेव ना!” तोच आवाज. मी पंचांच्या हातावरची नजर हलवली नाही.

हात खाली आला. तरी बार तसाच धरून मी मुलाकडे बघितलं. तो ओरडायचा थांबला, तेव्हाच मी बार खाली ठेवला.