कोय लावणाऱ्याचं नाव

कोंडीरामने खिळा उपटला आणि पत्र्याची पाटी खाली घेतली. पाटीवर 'भिवा' असं नाव होतं. ती त्याने दहा पावलांवरच्या दुसऱ्या झाडाला ठोकली आणि तिथली 'कोंडीराम' ही पाटी आणून पहिल्या झाडाला लावली. आढीशेजारच्या दोन टोपल्यांवरच्या चिठ्ठ्याही बदलल्या. मग हात झटकून तो फाटकाला झेंडूचं तोरण बांधायला गेला.

परळच्या या वाडीत रायवळ आंब्याची अडतीस झाडं होती आणि चवीही अडतीस. जो माळी कोय लावील त्याचं नाव झाडाला, हा थोरल्या शेठचा दंडक. थोरले शेठ दिवाळीत गेले. त्यांचे चिरंजीव चिंतामणीशेठ गिरगावात वाढलेले. झाडातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण मन मोठं होतं. महाराष्ट्र राज्य जन्माला येतंय त्या दिवशी वाडी लोकांना खुली करायची, लोकांनीच आंबे चाखायचे आणि ज्याला जास्त पसंती मिळेल त्याची कलमं त्याच नावाने राज्यभर वाटायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

वाडीत आता माळी दोघंच उरले होते, कोंडीराम आणि भिवा. लोक कुठला आंबा उचलणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

कोंडीराम भिवावर जळायचा. त्याला दुसरा शब्द नाही. बावीस वर्षांपूर्वी दोघांनी एकाच पावसाळ्यात आपापल्या नावाच्या कुंड्यांत कोयी रुजवल्या. वर्षभरात कोंडीरामचं रोप कुंडीत हातभर तरारलं. भिवाचं त्याहून थोडं बुटकं राहिलं, तेही मरगळलेलं. मग कोंडीराम भातलावणीला गावी गेला. परतला तेव्हा भिवाने दोन्ही रोपं जमिनीत लावून टाकली होती. कोंडीरामचं मलूल, भिवाचं टवटवीत! जागा बदलली की रोप रुसतं, अशी त्याने मनाची समजूत घातली. वरळी कोळीवाड्यातून सुकटीचा चुरा आणून बुंध्याशी घातला, उन्हाळाभर खांद्यावरून पाणी वाहिलं. झाड वाढलं आणि आंबा निघाला आंबट ढाण, त्यात नुसते दोरे. भिवाचा आंबा खाताना मात्र थोरले शेठ मनगटापर्यंत ओघळलेला रस चाटायचे.

नशीबच तसं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात दोघं शेजारी शेजारी चालले, तर लाठीसुद्धा भिवाच्याच खांद्यावर बसली. अख्खी चाळ त्याला बघायला लोटली. कोंडीरामला साधं खरचटलंही नव्हतं.

एकाच बाबतीत तो भिवाच्या पुढे होता. दीक्षा घेतल्यापासून दर रविवारी चाळीत सगळे मिळून पंचशील म्हणायचे. चोरी न करण्याचं शील आलं की कोंडीरामचा आवाज खणखणीत लागायचा. भिवाचा नेमका तिथेच बसायचा.

नऊ वाजता फाटक उघडलं. लालबागचे गिरणीकामगार आले, दादरच्या बायका पोरांना घेऊन आल्या. फोडी खात, बाठे चोखत सगळे वाडीभर हिंडू लागले. भिवा आपल्या झाडासमोर थांबला. त्याने पाटी वाचली. मान खाली घालून तो पुढे गेला. कोंडीरामने सुरी उचलली आणि फोडी कापायला घेतल्या.

दुपारपर्यंत 'कोंडीराम' नावाची टोपली रिकामी झाली. 'भिवा'च्या टोपलीपाशी लोक तोंडं वाकडी करत होते. चिंतामणीशेठ हार घेऊन आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "भिवा, हे झाड कोंडीरामचंच ना? एकदा कलमांवर नाव गेलं की मग बदलता येणार नाही."

कोंडीराम भिवाच्या तोंडाकडे बघू लागला.

"होय शेठ," भिवा म्हणाला. "कोय कोंडीरामचीच."

टाळ्या वाजल्या. हार गळ्यात पडला. बावीस वर्षं ज्याची आस धरली ते मिळालं आणि कोंडीरामला ते गोड लागेना. आपण चोरलं आणि भिवाने देऊन टाकलं. म्हणजे मोठेपणातही हाच पुढे! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

लोक पांगल्यावर त्याने भिवाला विहिरीपाशी गाठलं. भिवा शांतपणे हातावरचा चीक धूत होता.

"सकाळी पाट्या मी बदलल्या," कोंडीराम ओरडला. "तू वाचलंस, तरी गप्प बसलास. उपकार करतोस काय रे माझ्यावर?"

भिवाने हात पुसले. त्याने वर बघितलं नाही.

"कसले उपकार? तुझं रोप बघून माझ्या पोटात दुखायचं रे. तू लावणीला गेलास तेव्हा कुंड्यांवरच्या पाट्या मी बदलल्या होत्या. आज तू त्या जागच्या जागी लावल्यास."