वगळायचं गाव

लातूरच्या एका कॉलेजात पीएचडी करणाऱ्या अक्षराने कॉम्प्युटरवर हजार काल्पनिक गावं वसवली होती. प्रत्येक गावात तीनशे माणसं. त्यांची वयं, मरणाच्या तारखा, सगळं कॉम्प्युटरनेच मनाने भरलेलं. त्यावरून आयुर्मानाचा अंदाज काढायचा होता. बाकी सगळ्या गावांचा निघाला, एका गावापाशी मात्र प्रोग्राम दर वेळी बंद पडायचा.

शेवटी कंटाळून तिने ते गाव वगळायची ओळ लिहायला घेतली. तेवढ्यात तिचे गाइड महांतेश सर खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"कशामुळं बंद पडतंय?"

"सर, या गावातली सगळी माणसं एकाच दिवशी मेलीत. असं कुठं असतंय का? काढूनच टाकते."

सरांनी वाकून स्क्रीनवरच्या तारखा वाचल्या.

"त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव असंच गेलं," ते म्हणाले. "काढू नको, अक्षरा. खाली बघ, एक पोरगं वाचलं असंल. सहा वर्षांचं."

अक्षराने यादी खाली सरकवली. शेवटच्या ओळीत वय सहा होतं, आणि मरणाची तारीख अजून रिकामी होती.