इमानी दार

दोघी बहिणींपैकी थोरली घरातच पुस्तकबांधणीचं काम करायची. तिला दमा होता, पण छाती आवळायला लागली तरी तिला ते जाणवायचंच नाही.

"काही जणांना नाही कळत," डॉक्टर म्हणाले होते. "तुम्ही आपलं रोज श्वास मोजायच्या मीटरमध्ये फुंकून आकडा बघत जा."

पण मीटर काढायची वेळ क्वचितच यायची. श्वासनळ्या आकसू लागल्या, की तिच्या कामाच्या खोलीचं दार अरुंद व्हायचं. एरवी कागदांचा गठ्ठा उराशी धरून ती सहज आत शिरायची. अशा दिवशी मात्र दोन्ही कोपरं चौकटीला घासायची. मग ती निमूटपणे दोनदा पंप घ्यायची आणि थोड्या वेळात दार पहिल्यासारखं व्हायचं. असं का होतं, याच्या खोलात ती कधी गेली नाही. दार इमानी होतं, तेवढं तिला पुरे होतं.

त्या सकाळी कोवळं ऊन टेबलावर आलं होतं आणि पुठ्ठे चिकटवायची खळही मनासारखी जमली होती. धाकटी चहाचे कप घेऊन आली, ती दारातच अडली.

"ताई, मी जाडी झाले की तुझं दार बारीक झालं?"

थोरली खळखळून हसली. सवयीने तिने दोनदा पंप घेतला. दार होतं तसंच राहिलं. नवल वाटून तिने मीटरमध्ये फुंकलं. काटा थेट वरच्या टोकाला गेला. तिची छाती अगदी मोकळी होती.

तिने मान वर केली. धाकटीचे खांदे चौकटीत घट्ट बसले होते. दार इमानीच होतं; आज ते थोरलीच्या छातीचं सांगत नव्हतं.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "मला मागेही सरकता येत नाहीये."