अल्बममधली वरमाय

"गार्गी, तू मागे जा बाळा. तू पुढे उभी राहिलीस तर बाकीचे कुठे मावणार?" नंदाकाकू म्हणाली. प्रत्यक्ष वरमायच बोलली म्हटल्यावर सगळं वऱ्हाड हसलं. नऊ वर्षांची गार्गी परकर सावरत खांबाआड गेली.

तिथे काकूची नणंद, बेबीआत्या, जिलबी खात होती. आत्या गार्गीच्या दुप्पट रुंद होती आणि तिला त्याचं काहीच वाटत नसे. तिने बोटं चाटली, गार्गीचा हात धरला आणि थेट काकूच्या पुढ्यात जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वन्सं, मी दिसत नाहीये."

"दिसशील गं. काढा हो फोटो."

मग आत्या प्रत्येक फोटोत पुढे. सूनमुख बघायच्या आरशातसुद्धा काकूऐवजी आत्याच. "पोट आत घ्यायचं नाही," तिने गार्गीला समजावलं. "श्वास अडकतो, आणि आडोसाही कमी पडतो."

महिन्याने अल्बम आला. लग्नासाठी सहा महिने अर्धपोटी राहून काकूने नेसलेली पैठणी त्यात कुठेच नव्हती. एका फोटोत तेवढी आत्याच्या खांद्यावर कुणाची तरी नथ बसली होती.

काकूने त्याच दिवशी पैठणी पुन्हा नेसून सगळ्यांना अंगणात गोळा केलं. आत्या तिच्या गावी होती. काकू निश्चिंत मनाने मधोमध बसली.

गार्गी तिच्या पुढ्यात आली. कमरेवर हात ठेवले, पोट होतं तिथेच राहू दिलं आणि मोबाइल धरलेल्या बाबांना म्हणाली, "काढा हो फोटो."