प्रश्न सातवा

प्रश्न ७ : कामाच्या ठिकाणी तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारतात?

ही प्रश्नावली व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापक कांता सोनुने यांची. संस्थेत माणसाचा दर्जा कशावरून ठरतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. साल १९९६, जागा तीर्थपुरीकडची एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना.

उत्तर : "ए झाडूवाली! एकवीस वर्सं झाले, दुसरं कायबी न्हाई."

मॅडम तडक मॅनेजरच्या खोलीत शिरल्या. "एकवीस वर्षांत या बाईचं नाव विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला? लाज वाटायला पाहिजे!"

"झाडायला नाव कशाला लागतंय, मॅडम?" मॅनेजर हसला.

बाहेर ती बाई थांबली होती. "मॅडम, माझं नाव बराबर लिवा. गोजरबाई. छापून आलं की दाखवा मला."

उत्तरापुढे मॅडमचा शेरा : संतापजनक. (लाल शाईत, खाली दोन रेघा.)

दोन वर्षांनी निबंध छापून आला, गाजला. मॅडम तो घेऊन मुद्दाम जिनिंगवर आल्या. गोजरबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच ओळीवर बोट ठेवून वाचलं :

'एकवीस वर्षं मला "ए झाडूवाली" म्हणतात. — उत्तरदाता क्रमांक ४१.'

"आन् माझं नाव?"

"संशोधनात नावं देत नाहीत, गोजरबाई. तशी पद्धतच आहे."

गोजरबाईनं त्यांचं बोट पानावरून बाजूला सारलं.



"मंग झाडूवालीच बरं होतं, मॅडम. त्यात निदान बाई हाय, एवढं तरी कळत होतं."