उरलेलं बोलणं

मरणाऱ्यांच्या उशाशी बसायला बाई एक पैसा न घेता यायच्या, म्हणून सगळे त्यांना देवमाणूस म्हणत. बाई हसून वेळ मारून नेत. खरं कारण कळलं असतं, तर याच लोकांनी तोंडात बोटं घातली असती.

पहिला होता एक म्हातारा शिंपी. जाता जाता तो म्हणाला, "तुला तीनदा हाक मारली गं, चिमे."

बाईंना चिमी म्हणायची ती फक्त त्यांची आई. आणि आई तर एकटीच गेली होती. लेकीची गाडी चुकली, असं सगळ्यांना माहीत होतं.

महिन्याभराने एक कारकून म्हणाला, "घसा सुकला होता." मग एक ड्रायव्हर म्हणाला, "पेल्यापर्यंत हात पोचेना." माणसं वेगळी, पण गाऱ्हाणं आईचं, आणि जिथं थांबलं तिथूनच पुढे. बाई पुढच्या मरणाची वाट बघू लागल्या.

आज दुपारी नर्सने त्यांना एका म्हातारीजवळ बसवलं. "घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज गेलाय. नुसत्या बसा," असं सांगून ती निघून गेली.

म्हातारीने डोळे उघडले आणि ती स्पष्ट बोलली, "गाडी कुठली चुकली? दारात उभी होतीस. मी पाणी मागितलं, तरी तू चपलासुद्धा काढल्या नाहीस."



म्हातारीची नजर त्यांच्या खांद्यावरून दाराकडे गेली. "बघ, अजून तिथंच आहेस."

बाईंच्या पाठीमागे, दारात, कुणीतरी हळूच चपला काढल्या.